घरातील फिश टँक, नाशिकचे पाणी आणि काही जुन्या सवयी

प्रति,
माननीय संपादक,

विषय: मासे पाळण्याच्या छंदाकडे परतणाऱ्यांच्या अडचणी आणि जिवंत वनस्पतींची टाकी

महोदय,

आपल्या पुरवणीतील घरसजावटीच्या पानावर दिवाणखान्यातील फिश टँकला भिंतीवरचे चित्र आणि कोपऱ्यातला दिवा यांच्या पंक्तीत बसवलेले वाचले. टाकी कोणत्या दिशेला असावी, तिच्या मागे कोणत्या रंगाचा कागद शोभेल, तिचे स्टँड सोफ्याशी कसे जुळवावे, हे सगळे त्या मजकुरात होते. तिच्यात भरलेल्या पाण्याचे पुढे काय होते, याविषयी मात्र अवाक्षर नव्हते. एरवी हे सोडून दिले असते. परंतु मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर पडल्यावर घरात थोडी जागा आणि हाताशी थोडा वेळ मोकळा झालेली माझ्या वयाची पुष्कळ माणसे सध्या नाशिकमध्ये या छंदाकडे परत येत आहेत, आणि त्यांतील बरीचशी वर्षभरातच टाकी माळ्यावर चढवून मोकळी होत आहेत. मीही मोठ्या खंडानंतर परतलेल्यांपैकीच आहे. माझ्या टाकीत आता माशांपेक्षा वनस्पतींची गर्दी अधिक असते. माझे मत असे झाले आहे, की परतणाऱ्याला सामान कमी पडत नाही, उलट ते गरजेपेक्षा जास्तच घेतले जाते. त्याच्या टाकीला भोवतात त्या त्याने जुन्या काळातून सोबत आणलेल्या सवयी.

१९८० आणि १९९० च्या दशकांत मध्यमवर्गीय घरातली टाकी कशी असे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी (पुट्टी) भरून बसवलेल्या काचा, पुढे सिलिकॉनने जोडलेल्या. तळाला निळी-हिरवी रंगीत खडी, खडीखाली प्लास्टिकची जाळी, म्हणजे अंडरग्रॅव्हल फिल्टर. प्लास्टिकची झाडे आणि हवेच्या बुडबुड्यांनी झाकण उघडणारी खजिन्याची पेटी. महिन्यातल्या एका रविवारी मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी फेकायचे, खडी मोरीत घासून धुवायची, काचा चकचकीत करायच्या, नळाचे ताजे पाणी भरायचे आणि मासे परत सोडायचे, हा घरोघरचा विधी होता. संध्याकाळी टाकी पाहून सगळ्यांना समाधान वाटे. दोन दिवसांनी एखादा मासा पोट वर करून तरंगू लागे आणि त्याचे खापर थंडीवर, खाद्यावर नाहीतर दुकानदाराने दिलेल्या मालावर फोडले जाई.

त्या विधीत नेमके काय बिघडत होते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच सुधारत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकत असतो. न खाल्लेले खाद्य, विष्ठा आणि कुजणारी पाने त्यात भर घालतात. हा अमोनिया माशाला विष आहे. टाकीतील स्पंज, वाळू, दगड आणि पाने यांच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच आहे. ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता हिरावून घेते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू पुरेसा असतानाही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. त्यातले थोडे वनस्पती घेतात, उरलेले आपण पाणी बदलून कमी करतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. ते मोकळ्या पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागांना चिकटून असतात. म्हणजे रविवारच्या त्या विधीत खडी आणि जाळी घासून आपण टाकीचे सगळे कामकरी दर महिन्याला मोरीतून वाहून लावत होतो आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवत होतो.

फिल्टरचा स्पंज कसा धुवावा, हे एवढ्यासाठीच महत्त्वाचे. पाणी बदलताना टाकीतून काढलेले पाणी बादलीत ठेवावे आणि स्पंज त्यातच दोन-तीनदा दाबावा. दाट तपकिरी गाळ बाहेर येतो, बादलीचा तळ दिसेनासा होतो. स्पंज मात्र तपकिरीच राहतो, बोटांना किंचित बुळबुळीत लागतो आणि त्याला ओल्या मातीचा वास असतो. तेवढ्यावर थांबावे. नळाखाली धरून तो मूळच्या काळ्या किंवा निळ्या रंगावर येईपर्यंत पिळणे म्हणजे क्लोरीनच्या पाण्याने जिवाणू मारणेच होय. स्वच्छतेची चांगली सवय असलेल्या घरांतच हे हटकून घडते, असे माझे निरीक्षण आहे.

टाकी, फिल्टर, वनस्पती आणि डझनभर मासे एकाच संध्याकाळी विकणाऱ्या दुकानांविषयीही इथेच बोलले पाहिजे. दुकानदार नाइलाजाने तसे करतो हे मला कळते. रिकाम्या टाकीसमोर महिनाभर बसायला गिऱ्हाईक तयार नसते आणि ‘चार आठवड्यांनी या’ म्हणणाऱ्या दुकानातून ते शेजारच्या दुकानात जाते. तरीही ज्याला मासे जगवायचे आहेत त्याने ओळखीच्या माणसाच्या चालू, निरोगी टाकीतील जुन्या स्पंजचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दुसरा काही मार्ग नसेल तर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंना वाढू द्यावे आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे टेस्ट किटने पाहिल्यावरच पहिले मासे आणावेत. टेस्ट किट घ्यायला सांगितले की लोक किंमत ऐकून मागे सरतात आणि त्याच दिवशी रंग बदलणारा दिवा घेऊन जातात. त्या दिव्याशिवाय टाकी चालते.

आता नाशिकच्या पाण्याविषयी. महापालिकेचे पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून येते आणि शुद्धीकरणानंतर त्यात क्लोरीन शिल्लक ठेवले जाते. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असायला हवे. माणसाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे, परंतु माशाच्या कल्ल्यांना तेवढेही सोसत नाही. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवले तर क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारे पांढरे स्फटिक, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरावे. एक मिलिग्रॅम क्लोरीनला ते सुमारे ७ मिलिग्रॅम लागते, म्हणजे एका वेळी बदलायच्या २५ लिटर पाण्याला त्याचे दोन-चार बारीक स्फटिक पुरतात. मूठभर टाकण्याची काही गरज नसते. पावसाळ्यात धरणांत गढूळ पाणी येऊ लागले की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास अधिक जाणवतो, त्या दिवसांत पाणी बदलणे चार दिवस पुढे ढकललेले बरे.

ज्या सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जाते तिथली अडचण वेगळी असते. आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेले भूजल बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. त्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे पिले देणारे मासे आनंदाने राहतात, कारण त्यांना क्षारयुक्त पाणी मानवते. निऑन टेट्रासारखे मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातील मऊ पाण्याचे मासे मात्र खंगत जातात. शिवाय अमोनियाचा विषारीपणा सामूवर, म्हणजे पाण्याच्या पीएचवर, अवलंबून असतो. तापमान २५ अंश आणि सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या पुढे, जवळजवळ दसपट होते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले मासे गंगापूर रोडच्या एका घरात जगतात आणि दुसऱ्या घरात दगावतात, यामागे दैव नसून बहुधा हे गणित असते. आरओचे पाणी हा यावरचा उपाय म्हणून अनेक जण सांगतात, पण नुसत्या आरओच्या पाण्यात वनस्पतींना लागणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उरलेले नसते. ते नळाच्या पाण्यात मिसळूनच वापरावे. आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून टाकीत ओतू नये, कारण सगळे क्षार तिथेच एकवटलेले असतात.

दगडांची निवड ही बाब छोटी आहे, पण नाशिककरांसाठी तिच्यात एक मेख आहे. जमिनीखाली पाणी खडकात फार काळ मुरते, तशी गोष्ट इथे नसते; टाकीतल्या थोड्या काळात आपला काळा दगड पाण्यात जवळजवळ काहीच सोडत नाही, त्यामुळे टाकीत मांडायला तो उत्तम. दुकानातल्या महागड्या आयात दगडांपेक्षा मला तोच अधिक देखणा वाटतो. मात्र आपल्या परिसरातील खडकांच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट यांचे पांढरे स्फटिक सापडतात. पांडवलेण्यांच्या आसपासच्या खाणींतील अशी खनिजे जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती पाहायलाही मिळतात. झिओलाइटने फारसे बिघडत नाही. कॅल्साइट मात्र चुन्याचाच प्रकार असल्याने हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. पांढरी शीर असलेला दगड हातात आला तर तिच्यावर लिंबू पिळावे. थेंब पडताच शिरेच्या कडेने बारीक फेस धरला आणि कानाजवळ नेल्यावर चुरचुर ऐकू आली, तर तो दगड बागेत ठेवावा. संगमरवराची पांढरी खडी आणि समुद्रावरून आणलेले शिंपले यांनाही हाच न्याय लागू आहे.

मी वनस्पतींचा आग्रह धरतो तो केवळ शोभेसाठी नव्हे. बहुतेक पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम (अमोनियाचेच पाण्यातील सौम्य रूप) आधी उचलतात, म्हणजे जिवाणू वाढायची वाट न पाहता टाकीतील विष पहिल्या दिवसापासून कमी करायला लागतात. त्यामुळे दोन-चार काड्या लावून वर्षभर वाट पाहण्यापेक्षा सुरुवातीलाच तळ अर्धाअधिक झाकेल इतकी लागवड करावी. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट या आपल्याच देशातील तळ्यांत वाढणाऱ्या वनस्पती आहेत. भराभर वाढतात, स्वस्त मिळतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. नीरब्राह्मीही टाकीत चांगली रुजते. जावा फर्न आणि ॲन्युबियास यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर सडतो, तो दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधावा लागतो. क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठवडाभरात तिची पाने देठापासून पारदर्शक होत विरघळू लागतात आणि नवखा माणूस रोप मेले समजून उपटून फेकतो. मुळे तशीच राहू दिली तर मधून नवी पाने येतात. रोपवाटिकेत यांतील बरीच रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात, त्यामुळे पाण्याखालच्या जगण्याला साजेशी पाने त्यांना नव्याने काढावी लागतात. एक गोष्ट आवर्जून नोंदवतो: सह्याद्रीच्या पठारांवर वायतुऱ्यासारख्या दुर्मीळ पाणवनस्पती आहेत आणि फिरायला गेलेले हौशी लोक त्या उपटून आणतात, असे अधूनमधून कानावर येते. त्या उथळ, पावसाळी पाणथळीच्या आहेत आणि त्यांची जागा पठारावरच आहे. पैसे देऊन लागवडीतली रोपे घ्यावीत.

वनस्पतींच्या टाकीत बिघाड होतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. पूर्वीच्या ट्यूबलाइटच्या जागी आलेले एलईडी दिवे पुष्कळ प्रखर असतात, आणि आपली सवय मात्र सकाळी उठल्यावर दिवा लावून रात्री झोपताना बंद करण्याची. नव्या टाकीला रोज ६ ते ८ तास उजेड पुरतो. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसणारा साधा टायमर घेतला की ही सवय आपोआप सुटते. काचेवर हिरवा थर आला की दुकानात शेवाळनाशक औषध मागितले जाते. त्याआधी दिव्याचे दोन तास कमी करून, खाद्य निम्म्यावर आणून पंधरा दिवस पाहावे. नव्या टाकीत येणारा तपकिरी थर तर बहुधा काही आठवड्यांत आपणहून जातो, त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन टाकीवर येऊ देऊ नये, हे मात्र जुन्या लोकांनीही बरोबर सांगितले होते.

खताच्या बाबतीत नाशिककरांइतके सुदैवी कोणी नसेल. टाकीतील वनस्पतींसाठी छोट्या बाटल्यांत जे द्रव खत महागात विकले जाते, त्यातील मुख्य घटक आपल्या द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या वापरातले आहेत. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि ००:००:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. निफाड-दिंडोरी भागातील कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ही विद्राव्य खते मिळतात. १०० लिटर पाण्यात १३:००:४५ एक ग्रॅम विरघळवले तर नायट्रेट लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढते, यावरून एक किलोची पिशवी एका टाकीला किती वर्षे पुरेल याचा अंदाज यावा. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १२७ लिटर पाणी मावते. वाळू आणि दगड वजा जाता ते १०० लिटरच्या आसपास उरते, म्हणून हे माप लक्षात ठेवायला सोयीचे आहे. परंतु बागेतले सगळेच टाकीत चालत नाही. १९:१९:१९ या मिश्र खतात युरिया आणि अमोनियाच्या रूपातील नत्र असते, ते टाकीत घालणे म्हणजे माशांवर विषप्रयोग करणे होय. मोरचूद आणि बोर्डो मिश्रण यांच्या आसपासही टाकीची बादली नेऊ नये, कारण त्यांतील तांबे अगदी अल्प प्रमाणात कोळंबी आणि गोगलगाई यांचा बळी घेते आणि माशांनाही सोडत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तयार मिश्रणातही तांबे असते, त्याचे वेष्टन वाचूनच मात्रा ठरवावी.

रोपाला काय कमी पडते आहे हे ओळखायची रीतही बागेतलीच आहे. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडून त्यांच्या कडा पिवळ्या होत असतील तर पालाश, म्हणजे पोटॅशियम, कमी आहे. उलट नवी, शेंड्याची पाने फिकट निघत असतील आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर लोहाची कमतरता समजावी. चिलेटेड, म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाचा अगदी थोडा अंश दिला की पुढची पाने सुधारून येतात. नत्र आणि पालाश रोप जुन्या पानांतून काढून नव्याकडे नेऊ शकते, लोह तसे नेता येत नाही, म्हणून हा फरक दिसतो. देठ परीक्षणाचे, म्हणजे पानांच्या देठांतील अन्नद्रव्यांच्या तपासणीचे, अहवाल वाचणाऱ्या बागायतदाराला हे नव्याने सांगावे लागत नाही. माझ्या ओळखीतील एका द्राक्ष बागायतदाराची टाकी शहरातल्या कित्येक महागड्या टाक्यांपेक्षा सरस आहे, याचे मला नवल वाटत नाही.

कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, रेग्युलेटर आणि त्यांची उपकरणे हा परतणाऱ्यांना पडणारा मोठा मोह आहे. जपानचे ताकाशी अमानो, ज्यांचे २०१५ मध्ये निधन झाले, त्यांनी वनस्पतींच्या टाकीला निसर्गचित्राची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्यांच्या टाक्यांची छायाचित्रे पाहून कोणालाही तसे काही करावेसे वाटते. त्या टाक्यांत प्रखर उजेड, पाण्यात सोडलेला वायू आणि नियमित खत या तिन्हींचा मेळ असतो, आणि त्यामागे वारंवार छाटणी करणारे तयार हात असतात. पाण्यात या वायूचे प्रमाण लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमपर्यंत ठेवले जाते. ते फार वाढले तर मासे गुदमरतात. पहिल्या वर्षी याची गरज नाही, आणि मध्यम उजेडात वर सांगितलेल्या वनस्पतींना ती पुढेही भासत नाही.

हवामानाचेही थोडे पाहावे लागते. नाशिकच्या, विशेषतः निफाडकडच्या थंडीत २४ ते २७ अंशांत राहणारे मासे हीटरशिवाय निभावत नाहीत; लिटरमागे एक वॉट हे ढोबळ प्रमाण आहे. उन्हाळ्यात याच्या उलट होते. २० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. त्यात दुपारी वीज गेली की बंद डब्याच्या फिल्टरमधील जिवाणूही गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर एवढी तजवीज प्रत्येक घरात असावी.

माशांच्या निवडीत सर्वांत जास्त फसवणूक होते ती ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून बोटभर आकारात विकल्या जाणाऱ्या सकरच्या बाबतीत. हा दक्षिण अमेरिकेतील मासा फुटाच्या पुढे वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळात फारसा रस घेत नाही आणि लागवड उखडून टाकतो. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांच्या घरात जातो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांना वनस्पतींच्या टाकीत स्थान नाही. गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश हा तर निव्वळ छळ आहे. त्याची नैसर्गिक वाढ काही इंचांवर थांबत नाही, तो कोवळी पाने खातो आणि घाणही भरपूर करतो. शंभर लिटरच्या टाकीत लहान माशांचा एक थवा आणि काही कोळंबी एवढ्यावर समाधान मानणाऱ्याची टाकी टिकते. नवे मासे आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावेत, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरत नाही. अंगात रंग टोचून गुलाबी-निळे केलेले काचमासे दिसले तर त्या दुकानातून काहीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मोठे झालेले सकर, अरोवाना आणि तळहाताएवढी झाल्यावर नकोशी झालेली लाल कानांची कासवे जातात कुठे, हा प्रश्न मला या पत्रापुरता सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ती गोदावरीत सोडली जातात, आणि सोडणाऱ्याला आपण जीवदान दिल्याचे पुण्य लाभल्यासारखे वाटते. गोदावरीचे पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला पोहोचते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले, आणि तिथल्या पक्ष्यांचे जगणे स्थानिक मासे आणि पाणवनस्पती यांवर अवलंबून आहे. सकरच्या अंगावर कठीण खवल्यांचे चिलखत असते, तो काठच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि देशात अनेक ठिकाणी नद्या-तलावांत पसरलेला आहे. वनस्पतींचेही तेच. जी पाणवेली, म्हणजे जलपर्णी, काढण्यासाठी महापालिकेला वारंवार यंत्रे लावावी लागतात, ती दक्षिण अमेरिकेतून शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर नेली गेली होती. टाकीतील छाटणी नाल्यात वा नदीत न टाकता उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत घालावी. खत म्हणून ती उत्तम असते.

सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या स्वच्छतेची चर्चा शहरात सुरू असताना या बाबीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन विनंत्या करतो. पहिली महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला: पावसाळ्यात ज्या दिवसांत क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, त्या दिवसांची सूचना पाणीकपातीच्या निवेदनाप्रमाणेच वृत्तपत्रांतून द्यावी. दुसरी शहरातील मासे विक्रेत्यांना: गिऱ्हाइकाला नकोसे झालेले मासे आणि कासवे परत घेण्यासाठी दुकानात एक टाकी राखून ठेवावी आणि तसा फलक दर्शनी भागात लावावा. परत आलेल्या माशाचे पैसे देण्याची अपेक्षा नाही. तो नदीवर न जाता दुकानात यावा, एवढेच म्हणणे आहे. शोभेच्या माशांच्या संवर्धनासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुदानाची तरतूद करण्यात आली. जिल्ह्यात अशी संवर्धन केंद्रे चालवणाऱ्यांनी ही जबाबदारी विक्रेत्यांबरोबर वाटून घेतली, तर मोठे झालेले मासे सांभाळायला जागेची अडचणही पडणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक